लग्नाचा केक कुठला सांगायचा? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या वेळी लग्नाच्या जेवणाबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं होतं, तर आलेल्या प्रश्नांत केकचेच जास्त निघाले, पेडण्यापासून काणकोणापर्यंत, अख्ख्या गोव्यातनं. म्हणून आज फक्त केक. मी म्हापशाला घरी केक करते, लग्नाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते हाताने केलेलं आहे, आणि त्यातलं काही एकदा बिघडल्यावर शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझं लग्न डिसेंबरात आहे. आम्ही फोंड्याचे, घरात मराठी, आणि मुलगा सासष्टीतला कॅथलिक. सकाळी आमच्याकडचे विधी देवळात आणि तिथल्याच हॉलात जेवण, संध्याकाळी मडगावला त्यांच्या पद्धतीचं रिसेप्शन, टोस्ट, डान्स, केक सगळं. त्याच्या मम्माचं म्हणणं केक फ्रूटकेकच हवा, रम घातलेला, वर मार्झिपान, कारण त्यांच्या घरात तिच्या लग्नापासून तसाच होतो. मला फ्रूटकेक अजिबात आवडत नाही, मला चॉकलेट हवा. आणि माझी आजी अंडं खात नाही, दारूचा तर वासही नको, पण तिने मला केक भरवावा अशी माझी फार इच्छा आहे. तिघांचं कसं जमवू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बाय, तू आत्ता ऑगस्टातच विचारलंस हे फार बरं केलंस, कारण या केकला वेळ लागतो आणि तोच वेळ तुझ्या उपयोगाला येणार आहे.

आधी तुझ्या होणाऱ्या सासूबाईंचा केक समजून घे. मनुका, बेदाणे, खजूर, चेरी, संत्र्याची साल हे सगळं बारीक चिरून रममध्ये निदान महिना दोन महिने भिजवतात, मग साखर जाळून तिचा काळा पाक करतात, केकचा तो गडद रंग त्या पाकातनं येतो, कोको घालून नाही, आणि त्यात दालचिनी लवंग जायफळ. भाजून झाला की वरनं आणखी थोडी थोडी रम पाजत ठेवतात, आठवडे जातात तसा तो मुरतो. त्यावर मार्झिपानचा थर, जो इतर ठिकाणी बदामाचा करतात पण आपल्याकडे काजूचा होतो, आणि सगळ्यात वर पांढरं कडक रॉयल आयसिंग. मार्झिपान नुसतं चवीला नसतं, केकचा काळा रंग आणि तेल वरच्या पांढऱ्या आयसिंगमध्ये उतरू नये म्हणून मधली ती भिंत असते. त्या आयसिंगला रॉयल हे नाव ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नातल्या केकवरनं पडलं असं सांगतात, जवळजवळ १३५ किलोचा होता म्हणे तो.

हा केक त्यांच्याकडे नुसता खाण्यासाठी नसतो गं. बारीक तुकडे कागदात नाहीतर छोट्या डब्यात बांधून पाहुण्यांना देतात, जे आले नाहीत त्यांच्या घरी पोचवतात. आपण जसे लाडू पाठवतो तसंच ते. म्हणून मम्माचा आग्रह चवीपुरता आहे असं धरू नकोस, तिच्यासाठी तो रुखवतासारखा आहे. तिला फ्रूटकेक नको असं सांगायला जाऊ नकोस. आणि तिची रेसिपी एगलेस करायला तर मुळीच सांगू नकोस, करता येते पण मग तो तिचा केक राहात नाही.

तुझं चॉकलेट मात्र सोडू नकोस, ते जमतं. मजले असतात ना, सगळे एका चवीचे असायलाच हवेत असं कुठे आहे. फ्रूटकेक जड आणि घट्ट, तो खालीच पाहिजे, वजन पेलतो. त्याच्यावर चॉकलेटचा मजला ठेव. उलटं करायचं नाही, मऊ स्पंज खाली आणि फ्रूटकेक वर ठेवला तर खालचा दबतो, मी एकदा हट्टाने करून बघितलंय. दोन मजल्यांच्या मध्ये पातळ बोर्ड आणि खालच्या मजल्यात उभ्या काड्या हव्याच, वरचं वजन त्या काड्यांवर जातं, केकवर नाही. २०११ साली ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमच्या लग्नात आठ मजली फ्रूटकेक होता आणि त्याला आवडतो म्हणून चॉकलेट बिस्किटांचा केक वेगळा केला होता, राजघराण्यात चालतं तर मडगावात का नाही चालणार.

बाहेरनं दोन्ही मजले पांढरेच दिसूदेत. खाली रॉयल आयसिंग, वर चॉकलेटला व्हाईट चॉकलेट गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, लावून त्यावर फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मऊ कणकेची, पातळ पोळी. डिसेंबरात हवा कोरडी असते, रात्र थंड असते, रॉयल आयसिंगला याहून चांगला महिना गोव्यात नाही. बेकरला फक्त एवढं सांग की आयसिंगमध्ये थोडं ग्लिसरीन घाला, नाहीतर चार दिवसांत ते असं वाळतं की सुरी चालवताना फोटोग्राफरसमोर घाम फुटतो. आणि कच्चं अंड्याचं पांढरं वापरण्यापेक्षा मेरिंग पावडर वापरा म्हणावं, लग्नाच्या गर्दीत पोटाची भीती नको. पण हे लक्षात ठेव की मेरिंग पावडरही अंड्याचीच असते, आजीसाठी ती चालत नाही.

आता आजी. एगलेस मजला त्याच मनोऱ्यात घालूया असं बेकर सुचवेल, मी तसं करणार नाही. एकच सुरी सगळीकडे फिरते, वरचे कण खाली पडतात, आणि जिने आयुष्यभर पाळलंय तिला "थोडं लागलं तर काय होतं" म्हणणं मला पटत नाही. आजीसाठी वेगळा छोटा केक कर, अर्धा किलोचा, तोच पांढरा रंग, तीच फुलं, शेजारी वेगळ्या स्टँडवर, वेगळी सुरी. दोन्ही केक तुम्ही दोघांनी मिळून कापायचे आणि त्या छोट्यातला पहिला घास आजीने तुला भरवायचा.

त्या छोट्याची चव कुठली म्हणशील तर अंडं नसताना जड केक जास्त चांगले होतात, खजूर, गाजर, चॉकलेट. दह्यावर किंवा कंडेन्स्ड मिल्कवर खजुराचा केक इतका ओला होतो की अंडं नाही हे सांगावं लागतं. हलका फुगलेला व्हॅनिला स्पंज अंड्याशिवाय मला तरी कधी मनासारखा जमला नाही. वरनं अंड्याशिवायचं मार्झिपान घाल, काजूची पूड एकतारी पाकात घोटायची, म्हणजे जवळपास काजूकतलीच. आजी पहिल्या घासाला ओळखेल, आणि मम्मालाही ते आपलंच वाटेल. फाँडंट घेतलात तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, काहींत जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून काढतात, एगलेस म्हणजे शाकाहारी असं आपोआप होत नाही.

रमबद्दल एक. पुष्कळजण सांगतात की भट्टीत दारू उडून जाते. सगळी नाही उडत, आणि वरनं पाजलेली तर तशीच राहते. म्हणून जे तुकडे बांधून आजीच्या बाजूच्या लोकांना देणार त्यांचे डबे वेगळे ठेवा, वेगळ्या रंगाची रिबन बांधा. संत्र्याच्या रसात नाहीतर कोऱ्या चहात फळं रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून बिनदारूचा फ्रूटकेकही छान होतो, पण तो मुरवत ठेवायचा नाही, चार दिवसांत संपवायचा.

सकाळच्या देवळातल्या हॉलात मात्र केकच नको. देवस्थानाच्या जागेत अंडं चालत नाही, आणि तिथे जेवणाच्या पंगतीनंतर केक आणला तर कोण खाणार? तिथे खीर आणि चणाडाळीचं मणगणं होऊदे. अगदीच आणायचा झाला तर आधी ऑफिसात जाऊन विचारा, पूर्ण शाकाहारी असला तरी.

आणि आता तू एक काम कर. सप्टेंबर संपायच्या आत मम्माकडे जा आणि तिची फळं भिजवायला बस. मनुका चिरायला दोघी लागल्यात तर दुपार लागते. आजीच्या छोट्या केकचं तिला तिथेच सांग, सुरी हातात असताना, फोनवर नको.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या भावाचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, डिचोलीला उघड्या लॉनवर रिसेप्शन आहे संध्याकाळी ७ ला. ३०० माणसं. वहिनीने एक फोटो पाठवलाय, पाच मजली पांढराशुभ्र बटरक्रीमचा केक, कडेने सोनेरी. एक बेकर म्हणतो १५ किलो लागेल, दुसरा म्हणतो ८ पुरे. चव कुठली ते अजून कोणीच ठरवलेलं नाही. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दादा, शेवटचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं बघा. पाच मजले ठरले, रंग ठरला, सोनेरी कडा ठरली आणि तोंडात काय जाणार तेच राहिलं. हल्ली सगळीकडे असंच होतं, फोटो आधी येतो. फोटोतला तो केक बहुतेक थंड देशातला असतो, एसी हॉलमधला असतो, तो मेमध्ये डिचोलीच्या लॉनवर उभा राहील का हे फोटो सांगत नाही.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि सैल पडायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. मेमध्ये आपल्याकडे दुपारी ३३, ३४ असतं, संध्याकाळी ७ लाही हवा जड, घाम वाळत नाही इतकी दमट. एका मेमध्ये नदीकाठच्या लॉनवर माझा तीन मजली बटरक्रीमचा केक होता, कापायचा ८ ला ठरलेला, पण स्टेजवाल्यांनी फोटोसाठी ५ लाच बाहेर काढला आणि वर मोठे दिवे सोडले. साडेसहाला मधला मजला घसरायला लागला. मी आणि माझी बहीण पंख्याचं वारं लावून बसलो, पाऊण तास, आणि शेवटी मागची बाजू भिंतीकडे फिरवून फुलं लावली. मुलगी रडत होती आणि ते मला आजही आठवतं. त्यानंतर मेमध्ये उघड्यावर मी बटरक्रीम घेतच नाही, कितीही पैसे मिळूदेत.

मग पर्याय काय. व्हाईट चॉकलेट गनाश. साधारण तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, उन्हाळ्यात चार भागही करतात, ते बटरक्रीमपेक्षा चांगलं उभं राहतं आणि कडा सरळ येतात. रंग शुभ्र नाही येणार, हस्तिदंती येईल, वहिनीला आधीच दाखवा. गनाशवर फाँडंट लावता येतं पण फाँडंटचा केक फ्रिजमधनं एकदम बाहेर काढला की त्याला घाम येतो, चिकट होतो, तेव्हा हात लावायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. आणि बेकर "फ्रेश क्रीम" म्हणाला तर कुठलं ते विचारा, बाजारात त्या नावाखाली येतं त्यातलं बरंचसं वनस्पती तेलाचं टॉपिंग असतं, ते टिकायला बरं पण टाळूला मेणासारखं बसतं. मला विचाराल तर ३०० माणसांना ते खायला घालू नका.

चव! मेमध्ये गोव्यात लग्न आणि केकमध्ये मानकुराद आंबा नाही असं करू नका हो. २०२३ साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण आपल्याला ते कागद बघून कळायची गरज नव्हती. सुरुवातीला डझनाचा भाव ऐकवत नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जरा खाली येतो, तेव्हा तुमची तारीख बरोबर बसलीय. फक्त ताज्या फोडी थरांच्या मध्ये घालू देऊ नका, पाणी सुटतं आणि थर सरकतात. रस मंद आचेवर आटवायचा, चमच्यावरनं पडणार नाही इतका, आणि तो थरात लावायचा. त्याच्याबरोबर ओल्या नारळाचा स्पंज घ्या, हे दोन्ही एकमेकांना धरून आहेत. लिंबू थोडं पिळायचं नाहीतर व्हाईट चॉकलेटबरोबर फार गोड होतं. ही चव मी घरी लेकीच्या वाढदिवसाला केली होती आणि त्यानंतर दोन लग्नांच्या ऑर्डरी त्याच चवीच्या आल्या.

वजनाचं असं आहे की लग्नात पोटभर जेवणानंतर माणूस ५० ग्रॅमचा तुकडा खातो. एका किलोत २० तुकडे. ३०० माणसं धरली तर १५ किलो होतात, तुमचा पहिला बेकर हिशोबाला बरोबर आहे. पण सगळे घेत नाहीत, कोणाला साखर असते, कोणी आधीच निघतात, दुसरं काही गोड असेल तर आणखी कमी. मी ३०० ला १० ते ११ धरते. ८ मध्ये शेवटच्या टेबलांना पोचणार नाही, आणि शेवटच्या टेबलांवर बहुतेक आपलीच घरची माणसं बसलेली असतात.

पाच मजले खरे नकोत. वरचे दोन खरे, खालचे तीन थर्माकोलचे, त्यावर तसंच फाँडंट, कोणाला कळत नाही. बाकीचे आठेक किलो त्याच चवीचे साधे चौकोनी केक आत फ्रिजमध्ये ठेवायचे, तिथेच कापून बशीतनं बाहेर. पैसेही वाचतात आणि उन्हात ठेवलेलं ३०० माणसांना द्यावं लागत नाही. क्रीमचं काहीही फ्रिजबाहेर दोन तासांवर नको, ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून केक साडेसातला बाहेर काढा, आठला कापा, आणि हे स्टेजवाल्यांना, फोटोवाल्यांना, निवेदकाला तिघांनाही वेगवेगळं सांगा.

सोनेरी कडेबद्दल एक फार महत्त्वाचं. सोनेरी पावडरच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ खायची असा होत नाही, ती शोभेच्या कामाची असते. खायची म्हणून स्पष्ट लिहिलेली असेल तीच. बेकरला डबी दाखवायला सांगा, चांगला बेकर रागावणार नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा, नंबरही विचारा, १४ आकडी असतो, घरून करणाऱ्यांनाही घ्यावा लागतो, माझ्या बिलावर छापलेला आहे.

आणि चव बघायला जाल तेव्हा तुकडा फ्रिजमधनं काढल्या काढल्या खाऊ नका. अर्धा तास बाहेर ठेवायला सांगा, पंख्याखाली, मग खा. लग्नात तो तसाच लागणार आहे.

प्रश्न : केकवर खरी फुलं लावायचीत, आमच्याच बागेतली. चाफा, कण्हेर, अबोली, जास्वंद, गुलाब सगळं आहे. आई म्हणते देवाला चालतात तर केकला का नाही?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : आईला सांग की देव ती खात नाही. कण्हेर अजिबात नको, लाल नको, पांढरी नको, पिवळी तर नकोच, सगळी विषारी आहेत, नुसता देठ केकमध्ये खुपसला तरी चीक उतरतो. चाफ्यालाही तो पांढरा चीक असतोच, कातडीला खाजतो, तो पोटात कशाला. घाणेरीची रंगीत फुलं गोड दिसतात म्हणून कोणी सुचवेल, तीही नको.

गुलाब आणि जास्वंद खाल्लं तरी चालतं, आणि तुमच्या बागेत औषध मारत नसाल तर बाजारच्या गुलाबापेक्षा ते शंभर पटीने बरं. बाजारची फुलं फवारलेली असतात, ती केकला टेकवायचीच नाहीत. गोकर्णही लावता येते, निळी, पांढऱ्या आयसिंगवर फार सुंदर दिसते आणि हल्ली कोणी लावत नाही. फुलं सकाळी लवकर काढायची, धुवायची, मुंग्या झटकायच्या (जास्वंदीत असतातच), देठाला फॉइल गुंडाळून ते छोट्या स्ट्रॉमध्ये घालायचं आणि ती स्ट्रॉ केकमध्ये. जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटते त्यामुळे रात्रीच्या रिसेप्शनला गुलाबच.

अबोली मी केकवर लावत नाही. पण तिची फाती, म्हणजे गजरा, करून स्टँडच्या खालनं, केकला न लागेल अशी गोल फिरव. पांढरा केक आणि खाली ती केशरी फाती, त्यापुढे दुसरी सजावट लागत नाही.

प्रश्न : आपल्या लग्नात केक हवाच कशाला? नातीने हट्ट धरलाय. आमच्या काळी लाडू आणि खाजं असायचं. मेणबत्त्या विझवायच्या आणि कापाकापी करायची, हे शुभकार्यात बरं दिसतं का?
– एक आजोबा, सत्तरी

उत्तर : आजोबा, नमस्कार करते. हवाच असं अजिबात नाही. पण लग्नाच्या केकवर मेणबत्त्या नसतात हो, त्या वाढदिवसाला, त्यामुळे विझवण्याचा प्रश्नच येत नाही. दोघांनी एका सुरीवर हात ठेवून कापायचं आणि एकमेकांना भरवायचं एवढंच असतं. आपल्याकडे जेवताना घास भरवतात, नाव घ्यायला लावतात, त्याच्या शेजारी हे बसवता येतं. नातीला म्हणावं केक कापताना उखाणा घे, मग बघा घरातले सगळे कसे भोवती जमतात.

तुमच्या खाज्याचं मात्र मला फार पटलं. गोव्याच्या खाज्याला २०२१ मध्ये जीआय मिळालं, आणि तरी लग्नाच्या टेबलावर ते दिसत नाही, जत्रेतच दिसतं. नातीशी असं ठरवा, केक छोटा, दीड दोन किलोचा, कापण्यापुरता आणि घरच्यांपुरता, आणि त्याच्या बाजूला आपल्या गोव्याच्या गोडाचं मोठं टेबल. खाजं, नारळाच्या दुधाचं दोदोल, चणाडाळीचं दोस, पेरूचं पेराद. यातल्या कशातच अंडं लागत नाही, म्हणजे मुहूर्ताला बसलेल्यांपासून सगळ्यांना चालेल. दोदोल काळ्या माडाच्या गुळाचं आहे ना ते विचारून घ्या, साखर आणि रंग घातलेलं ताटाला चिकटतं पण चव नसते. बेबिंका ठेवणार असाल तर ती वेगळ्या ताटात, पाटी लावून, कारण तिच्यात अंड्याचा पिवळा बलक भरपूर असतो. एकेक थर वरनं आच देऊन भाजायचा, मग पुढचा ओतायचा, सात थर म्हणजे बाईची अर्धी दुपार जाते, म्हणून स्वस्त बेबिंका दिसली की मी घेत नाही. आणि ती किंचित कोमट वाढायची, फ्रिजमधली थंड नको, तूप थिजलेलं असतं.

केकलाही तीच चव देता येते. नारळाचं दूध, जायफळ आणि थोडा माडाचा गूळ घालून एगलेस केक करता येतो. तुम्ही तो खाऊन बघा, मला वाटतं तुम्ही दुसरा तुकडा मागाल.

प्रश्न : ताई, माझ्या लग्नाचा केक माझी बहीणच करणार म्हणते, तिला हौस आहे, दोन मजली. करू देऊ का? आणि वरचा मजला वर्षभर ठेवून पहिल्या अ‍ॅनिव्हर्सरीला खातात म्हणे, आमचा व्हॅनिला-स्ट्रॉबेरीचा आहे.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : करू दे, पण लग्नाच्या आदल्या दिवशी तिला हळदीला पाठवायचं की ओव्हनपुढे ठेवायचं ते तू ठरव. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मी दोन्ही करायला गेले आणि हळदीचा एकही फोटो माझा नाही. तिने केक पंधरा दिवस आधी भाजून, घट्ट गुंडाळून फ्रीझरला टाकावेत, लग्नाच्या दोन दिवस आधी काढून थर लावावेत, आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवावा. एकदा पूर्ण रंगीत तालीम करायची, खऱ्या मापाची. मजले घरून वेगवेगळे न्यायचे, गाडीच्या मागच्या सीटवर नको, खाली सपाट जागेत ठेवून, एसी लावून, आणि एकावर एक हॉलात गेल्यावरच रचायचे. हॉलचा फ्रिज केवढा आहे ते आज जाऊन मोजून ये, खोका आत जात नाही हे लग्नाच्या दिवशी कळलं की धावपळ होते.

वरचा मजला ठेवायची रीत फ्रूटकेकची आहे, त्यातली साखर आणि दारू त्याला टिकवते, आणि आपल्या पावसाळ्यात तोही मी बाहेर ठेवणार नाही, फ्रीझरलाच. व्हॅनिला-स्ट्रॉबेरीचा ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी माहेरच्यांबरोबर संपव. वर्षाने बहिणीकडनं त्याच चवीचा छोटासा ताजा करून घे, स्ट्रॉबेरी कुठल्या महिन्यात मिळते ते बघून. लग्न फेब्रुवारीत असेल तर तेव्हाही मिळेल, पावसात असेल तर तिला दुसरी चव शोधायला आत्तापासून सांग.